टेपातली बाई

मीनाने तो टेप आणला त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि ते ओवा खाऊन थांबणारं दुखणं नव्हतं. माझा नवरा सावळाराम तोंडावर म्हणायचा, "जने, तू जळतेस." जळते तर जळते. पण कशावर जळते ते आधी ऐका, मग मला नावं ठेवा.

सिद्धगडाच्या पायथ्याकडची आमची गावं. इथं धवला, म्हणजे बायकांचं लग्नाचं गाणं, म्हटल्याशिवाय हळद लागत नाही. भटजी येतात, मंगलाष्टकं म्हणतात आणि पुढच्या लग्नाला पळतात, पण ते दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी सगळा कारभार धवलारणीचा. ती डहाळीचं गाणं म्हणेल तेव्हा उंबराची डहाळी मांडवाला लागणार. ती हळदीचं गाणं म्हणेल तेव्हा नवऱ्याच्या अंगाला हात लागणार. गाणं अडलं की बायकांचे हात हळदीच्या ताटात तसेच थांबतात, मग पाहुण्यांची गाडी चुकेना का.

आणि धवला एकटीने म्हणायचा नसतो. एक बाई ओळ घालते, दुसरी झेलते. घालणारी रांगोळीच्या चौकाशेजारी पाटावर बसते, समोर दिवा. झेलणारी खाली चटईवर, तिच्या डाव्या गुडघ्यामागे. पाटावरचीची ओळ संपत आली की मागचीने तीच उचलून परत म्हणायची, मध्ये फट पडू द्यायची नाही. लुगडं, नारळ, पहिला मान, सगळं पाटाला. चटईला चहा.

आमच्याकडे पाट होता भिमीबायचा. मुरबाडपासून पार शहापूरच्या पलीकडपर्यंत तिला बोलावणं यायचं. मी या गावात सून होऊन आले आणि दुसऱ्याच वर्षी तिने मला आपल्यामागे बसवलं. तेव्हा मला वाटलं होतं, नशीब उघडलं. पण तिने मला शिकवलं असं काही नाही. मी आपली चिकटले आणि ऐकत गेले. एकदा एका ओळीचं पुढचं विचारलं, तर म्हणाली, "कानात काय कापूस घातलास?" परत विचारलं नाही. भाताची आवणी करताना, भांडी घासताना, गुरांमागे, जिथं तोंड रिकामं असेल तिथं ओळी घोळवल्या आणि पाठ केल्या.

इतक्या वर्षांत तिने मला एकच गोष्ट सांगितली. प्रत्येक लग्नात, भरल्या मांडवात, मान न वळवता ती म्हणायची, "हळू झेल गो." बाकी काही नाही. बरं नाही, वाईट नाही. मला वाटायचं, माझा आवाज खरबरीत असणार, तिच्या गाण्याला ओरखडे काढत असणार. मग मी आणखी दबून झेलायची. तिला पुढं दिसेनासं झालं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तेव्हा मीच तिचा हात धरून मांडवात नेऊ लागले. म्हातारी थकली की पाट माझाच, हे सगळं गाव धरून चाललं होतं. मीही धरून चालले होते. मला दुसरं काही नको होतं. नवरा बरा होता, शेत जेमतेम होतं, मुलं आपापल्या वाटेला लागली होती. मला फक्त तो पाट हवा होता.

अशात भिमीबायच्या नातवाचं, अनंताचं लग्न झालं आणि मीना घरात आली. तानसाकडची मुलगी. शाळेत असताना गाण्यात बक्षिसं मिळवलेली, आणि हे तिने नाही तर तिच्या आईने बोहल्यावरच सगळ्यांना सांगितलेलं. बापाने भांडी दिली. भावाचं, दीपेशचं, शहापूरला लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं, त्याने टेप दिला. काळा, वर मूठ असलेला, कुठंही उचलून नेता येईल असा. सेलवर चालायचा. लाल बटण आणि शेजारचं बटण एकदम दाबलं की समोरच्याचा आवाज आत जायचा.

त्या वैशाखात गावातल्या कुंडलिकच्या मुलीची हळद होती. मीना टेप घेऊन मांडवात आली आणि भिमीबायला म्हणाली, "आजी, मी धवला भरून घेऊ का यात? मला शिकायचाय."

म्हातारी आता हिचं थोबाड रंगवते, असं मला वाटलं. पण नातसून होती ना. भिमीबाय एवढंच म्हणाली, "घे. पण माझ्यासमोर नको ठेवूस. आवाज वढून घेईल ते."

मग पोरीने तो टेप आणून कुठं ठेवावा? माझ्या गुडघ्याला टेकवून. "काकी, इथं राहू दे ना जरा," म्हणाली आणि बटणं दाबून निघून गेली. अख्खी हळद होईपर्यंत ते डबडं माझ्या मांडीशी घुरघुर करत बसलं होतं. गाणं भिमीबायचं, शिकणार मीना, आणि मी टेप ठेवायची जागा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या तिरमिरीत त्या दिवशी मी जरा मोकळ्या गळ्याने झेललं असणार, कारण भिमीबाय नेहमीपेक्षा जास्त वेळा "हळू, हळू गो" म्हणाली.

त्यानंतर सुरू झाला मीनाचा रियाज. हा शब्दही तिचाच. घरात ते बोलकं डबडं वाजवायचं नाही, असा भिमीबायचा हुकूम होता, म्हणून ती दुपारचं काम आटपून खळ्यावर जायची. आंब्याखाली बसायची. एक ओळ ऐकायची, बटण दाबून थांबवायची, स्वतः म्हणायची, मागे फिरवून परत ऐकायची. मग म्हणे आपलाच आवाज भरायची आणि दोन्ही ताडून बघायची. पावसाळ्यात सेल उतरले की उन्हाची तिरीप बघून भिंतीवर वाळत घालायची, पापडासारखे. सेल शेकले की आणखी थोडा वेळ चालतात म्हणे.

मला विचाराल तर ही चोरी होती. ज्या ओळीचं पुढचं विचारलं म्हणून मी बोलणी खाल्ली, तीच ओळ ही पोरगी बटण दाबून दहा वेळा म्हणवून घेत होती. टेप काय तिला कानात कापूस घातलास का विचारणार नव्हता. माझी सगळी तरणी वर्षं ज्यात गेली, ते ती एका पावसाळ्यात उरकायला निघाली होती, आणि तेही सावलीत बसून.

गावाला तर नवलच. "मीना कित्ती मेहनत घेते गो," शकू म्हणायची. शकू माझी शेजारीण, तोंडाने फटकळ पण मनाची भाबडी. मी म्हटलं, "मी काय इतकी वर्षं मांडवात झोपा काढल्या?" तर म्हणाली, "तुझं वेगळं." काय वेगळं, ते तिला सांगता येईना.

शेतावर जायची माझी वाट त्या खळ्यावरून होती. मी वाट बदलली. ओढ्याकडून चिखल तुडवत जायला लागले, पण ते तोंड बघायला नको. एकदा मीनाने मला पाणवठ्यावर गाठलंच. म्हणाली, "काकी, एकदा येऊन ऐका ना टेप. त्यात ना तुमी…"

"मला नाय ऐकायचं काय," मी म्हटलं आणि हंडा उचलून चालू लागले. तिचं वाक्य अर्धंच राहिलं. मला बरं वाटलं.

पण जळणाऱ्या माणसाला चैन कुठली? एका दुपारी मी मुद्दाम खळ्याच्या मागच्या बाजूने गेले. निरगुडीचं दाट कुंपण होतं, त्याआड उभी राहिले. पलीकडून धवला ऐकू येत होता. मी मनाशी म्हटलं, हीच का ती बक्षिसवाली? आवाज नाकातून निघत होता. प्रत्येक ओळीचं शेपूट उगाच वर ओढून सोडत होती. श्वास घेताना मध्येच बारीक हुंदका दिल्यासारखं करायची, जसं काही हिच्यावर कोणी अन्याय केलाय. मला इतका आनंद झाला की मी ओढ्याकडची वाट सोडून सरळ गावातून, मान वर करून घरी आले.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर मी शकूला त्या आवाजाची नक्कल करून दाखवली. नाकातून गायले, शेपूट ओढलं, हुंदका दिला. शकू माझ्याकडे बघतच राहिली.

"अगो, पन हे तर तू नेहमीसारखंच म्हटलंस," ती म्हणाली.

मी तिला वेड्यात काढलं.

श्रावणात भिमीबायचा खोकला सुरू झाला तो गेलाच नाही. गौरी-गणपती झाले, भात कापून झालं, तरी आवाज फुटेना. बोलली तर फुसफुस यायची. टेपाने म्हातारीचा आवाज ओढला, अशी कुजबुज झाली. मी त्यात भर घातली नाही, पण कोणाला गप्पही केलं नाही. भिमीबाय स्वतः मात्र म्हणाली, "बरं झाला लांब ठेवायला लावला. जवळ असता तर बोलायलाबी काय उरला नसता."

तुळशीची लग्नं लागली आणि तानसाकडच्या एका गावातून पहिलं बोलावणं आलं. लखमा नावाच्या मोठ्या बागायतदाराच्या मुलाची हळद. म्हातारीने मला, मीनाला आणि शकूला ओटीवर बोलावलं.  नवं लुगडं मी आदल्या दिवशीच पेटीतून काढून ठेवलं होतं.

भिमीबाय म्हणाली, "पाटावर मीना बसंल. तिला सगला येतो आता, गाव सांगतो. जनी झेलंल, नेहमीसारखी."

नेहमीसारखी!  तिथं बोलले असते तर रडले असते, आणि मीनासमोर मला रडायचं नव्हतं. घरी आले आणि लुगडं परत पेटीत टाकलं. सावळाराम म्हणाला, "घरातला मान घरात ठेवला म्हातारीनं, त्यात काय?" त्या दिवशी त्याला ताकाशिवाय भात मिळाला.

लखमाने टेम्पो पाठवला होता. मुरबाड गेलं, शहापूर गेलं, भिमीबाय पुढे ड्रायव्हरशेजारी पेंगत होती. मीना पुन्हा पुन्हा माझ्याकडे बघत होती. तिच्या मांडीवर तो टेप होताच. शेवटी म्हणाली, "काकी, मी चुकले तर सांभाळून घ्या."

मी बाहेर बघत राहिले.

मांडवात पोचलो. उन्हं उतरली होती. चौक भरला, दिवा लागला, पाट मांडला. मीना पाटावर बसली आणि तिने आपल्या डाव्या गुडघ्यामागची चटई हाताने सारखी केली, माझ्यासाठी. ते बघितलं आणि माझ्या डोक्यात तिडीक उठली. मी शकूला पुढे ढकललं. "माजा घसा बसलाय. तू झेल."

"मी? मला कुठं गो जमतंय?"

"येतं तेवढं झेल."

आणि मी तिथून उठून पडवीत गेले. तिथं भिमीबायला गोधडीवर टेकवून बसवलं होतं, मांडवातला धूर लागू नये म्हणून. तिच्याशेजारी भिंतीला टेकून मी बसले. पायरव ऐकून तिने विचारलं, "कोन गो?" मी उत्तर दिलं नाही. तिच्याशी बोलायचं नाही असं मी टेम्पोतच ठरवलं होतं. तिला खोकला आला तेव्हा पाण्याचा तांब्या तेवढा हातात दिला. तिला वाटलं, लखमाच्या घरची कोणी पाहुणी असेल.

बाहेर मीनाने पहिली ओळ घातली.

पहिल्या ओळीला मांडव गप्प झाला. दुसऱ्या ओळीला बायकांनी हळदीचं ताट पुढे ओढलं. मी मनात चुका मोजायला बसले होते. नाकातून, हो. शेपूट वर, हो. हुंदका, तोही आला. पण भरल्या मांडवातून ऐकल्यावर ते तसं वाईट वाटेना, आणि त्याचा मला आणखीच राग आला.

भिमीबाय एकदम ताठ झाली. तिने कान मांडवाकडे केला. मग माझ्या दंडावर हात ठेवून, त्या फुसफुसत्या आवाजात, हसत म्हणाली, "बसली बघ. उठवलान पोरीला आनि बसली."

मला कळेना.

"आमची जनी गो ती. माज्या मागं बसते ती. आज पाटावर बसली. पोरगी रडत असंल कुठंतरी." ती जरा थांबली, ओळ पुरती ऐकली. "बसू दे. मी काय तिला बसवली नसती."

पाहुणीने काही विचारावं म्हणून ती थांबली असावी. 

"तिचा आवाज माज्याहून बरा," भिमीबाय म्हणाली. "पैल्या दिवसापासून. माज्या मागून असा यायचा, की माजीच ओळ माज्याहून चांगली ऐकू यायची. पाटावर बसवली असती तर मला परत कोनी बोलावला नसता. म्हनून दाबून ठेवली. हळू झेल, हळू झेल. ती बिचारी हळू झेलायची."

 बाहेर मीना गात होती. म्हातारीला ती मी वाटत होते, आणि आता मी नीट ऐकलं तर मलाही ती मीच वाटायला लागले. टेप माझ्या गुडघ्याशी होता. भिमीबायचा आवाज त्यात लांबून, बारीक गेला असणार. आत भरले होते ते मी. पोरीने पावसाळाभर आंब्याखाली बसून जिची ओळ न ओळ घोटली, ती बाई मी होते. आणि निरगुडीआड उभी राहून मी जिला नाकात गाणारी म्हणून नावं ठेवली, ती मीना नव्हतीच. टेप चालू होता.

आपला आवाज आपल्याला ओळखू आला नाही. कसा येणार? मी तो कधी बाहेरून ऐकलाच नव्हता.

तेवढ्यात मांडवात शकू अडकली. मीनाने हळदीची ओळ घातली आणि मागून काहीच आलं नाही. मीनाने तीच ओळ परत घातली. शकूने तोंड उघडलं, दोन शब्द आले, तिसरा येईना. बायकांचे हात ताटात थांबले. नवरा मुलगा खांदे आखडून बसला होता. मीनाने तिसऱ्यांदा ओळ घातली तेव्हा तिचा आवाज कापला.

मी ठरवून काही केलं नाही. ओळ पडत होती आणि इतकी वर्षं मी एकही पडू दिली नव्हती. पडवीत, होते तिथून, मी ती झेलली. मोकळ्या गळ्याने.

भिमीबाय दचकली. एक जनी मांडवात, दुसरी कानाशी. "ते डबडं हितं कोनी आनलं?" ती म्हणाली. "बंद करा ते." आणि टेप शोधायला तिने हात लांबवला. तो हात माझ्या हनुवटीला लागला. तिथून गळ्यावर आला. मी गातच होते, ते तिच्या बोटांना कळलं असणार. हात तिथंच राहिला.

ओळ संपली. बाहेर हळद लागायला सुरुवात झाली.

"जनी?"

"हां, बाय."

"मग ती कोन?"

"मीना."

तिने कान परत मांडवाकडे केला. मग म्हणाली, "ऐकलास सगला?"

"ऐकलं."

मला वाटलं, आता काही म्हणेल. माफी नको, पण काहीतरी. भिमीबायने हात काढून घेतला आणि पदराने तोंड पुसलं. "मग हितं काय बसलीस? जा की."

मी गेले. मीनाने मला येताना बघितलं. तिची ओळ चालू होती, ती न तोडताच ती पाटावरून उठली आणि चटईवर सरकली. शकू तर सुटका झाल्यासारखी केव्हाच बाजूला झाली होती. दुसरी कोणी असती तर पोरीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली असती, बस गो, तुझाच पाट आहे. मी पाटावर बसले. मोठेपणा करायला मी तिथवर टेम्पोत बसून आले नव्हते.

समोर दिवा होता. पाट मला वाटलं होतं त्यापेक्षा अरुंद होता. मी ओळ घातली, पोटातून, दाबून न ठेवता. सगळा मांडव माझ्याकडे वळला. या एका गोष्टीसाठी मी आयुष्य काढलं होतं, आणि ती मला अगदी हवी होती तशी मिळाली.

मग माझ्या डाव्या गुडघ्यामागून मीनाने ती झेलली. माझंच नाक, माझंच शेपूट, माझाच हुंदका, पण वीस वर्षांच्या गळ्यातला. स्वच्छ. माझीच ओळ माझ्याहून चांगली ऐकू आली. समोरच्या बायका माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागल्या.

मी पुढची ओळ घालायच्या आधी, मान न वळवता म्हटलं, "हळू झेल गो."